जगबुडीनंतरचं पिठलं

माझ्या कॉमिक्समधली माणसं फाटके कपडे घालतात, या कारणावरून घरमालकांनी मला खोली खाली करायला सांगितलं होतं. हे कोणाला सांगितलं तर हसतात. हसू द्या. मी मात्र त्या दिवशी चांगलीच भडकले होते, आणि त्या भांडणाची आठवण झाली की आजही माझा आवाज चढतो.

त्यांना मी काका म्हणायची. बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या एका बोळात खाली ते आणि काकू, वरच्या खोलीत भाड्याने मी. इथल्या एका खासगी शाळेत मी चित्रकला शिकवते. तेव्हा उरलेल्या वेळात इंदूरच्या एका कंपनीसाठी हिंदी कॉमिक्स काढायची. लहान मुलांच्या गमतीजमती नव्हेत. जग संपलेलं आहे, पाणी विषारी झालं आहे, शहरं ओस पडली आहेत आणि उरलेली माणसं एकमेकांना पकडून, सोलून, भाजून खातात, असा सगळा मामला. पानोपानी आतडी. गोष्ट कंपनीचा संपादक लिहून पाठवायचा, आतडी माझी. यामागे एक तत्त्वज्ञानही होतं, आणि ते मला तेव्हा पुरेपूर पटलेलं होतं. माणूस आतून नासकाच असतो, कायदा आणि पोलीस म्हणजे वरचं झाकण, ते उडालं की वास सुटतो. हे मी स्टाफरूममध्ये चहा पिताना मोठ्या ऐटीत सांगायची.

छापील अंकांचं पार्सल एकदा मी शाळेत असताना आलं. काकांनी ते घेतलं आणि सरळ उघडलं. दुसऱ्याचं पार्सल उघडू नये वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं. छापलेला कागद दिसला की वाचायचा, ही त्यांची खोड. भजी बांधून आलेल्या वर्तमानपत्रावर अर्धीच बातमी होती म्हणून उरलेली अर्धी मागायला ते भजीवाल्याकडे परत गेलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. संध्याकाळी मी जिन्यापाशी पोचते न पोचते तो ओसरीतून हाक आली.

"इकडं ये. हे तू काढलं?"

"हो काका."

"हे लोक असे चिंध्या लावून काहून फिरून राहिले?"

"जग संपलंय काका."

"जग संपलं, कापड कुठं संपलं?" हातातलं भिंग त्यांनी माझ्यावरच रोखलं. "लोक मेले, मतलब दुकानं उघडी पडली. माल जागच्या जागी आहे. एकट्या आपल्या बुऱ्हाणपुरात इतके ठाण पडून आहेत का उरलेल्या लोकाइले जन्मभर पुरतील. अन् हा तुझा हिरो अर्ध्या चड्डीवर!"

काकांनी जन्मभर कापडाचं दुकान चालवलं होतं. आता गादीवर पुतण्या बसायचा, पण काकांच्या बोटांना निवृत्ती मिळाली नव्हती. कोणी भेटलं की नमस्कार करता करता त्याची बाही चिमटीत धरून चोळायचे आणि "यात पॉलिस्टर मारलं आहे" म्हणून त्याला हळहळत सांगायचे. लग्नात नवरदेवालाही सोडत नसत. तेव्हा त्यांचा हा आक्षेप धंद्यातून आलेला होता, हे मला आता समजतं. तेव्हा मी म्हटलं की घाबरलेल्या माणसाला कपड्यांचं भान नसतं. ते म्हणाले, घाबरलेला माणूस आधी अंग झाकतो. मी म्हटलं, तुम्हाला कॉमिक्समधलं काही कळत नाही. ते म्हणाले, मग खोली खाली कर. आतून काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "ती कुठं नाही जात. तुम्ही चहा घ्या." काकांनी चहा घेतला.

त्यानंतर प्रत्येक अंक आधी खाली वाचला जायचा आणि मग माझी झडती व्हायची. ते काकूंना मोठ्याने वाचून दाखवत. एका माणसाची दोघं जण मिळून कातडी सोलताहेत असं माझं एक आख्खं पान होतं, रक्ताचे थेंबसुद्धा मी जीव तोडून काढले होते. काकांनी ते पान उलटत काकूंना सांगितलं, "इथं थोडी मारामारी आहे." झालं. माझ्या मेहनतीची एवढीच किंमत. पण पुढच्या पानावर एक बाई वेशीजवळ एकटी बसलेली होती, तिच्यापाशी मात्र ते अडकले. हिचा नवरा आत्ताच मेला ना, मग हिच्याजवळ कोणी काहून नाही बसलेलं? हिला कोणी जेवा म्हटलं का?

"कोण म्हणणार काका? सगळे एकमेकांच्या जिवावर उठलेत."

"मग हिचा कडू घास?"

आमच्याकडे एखाद्या घरी माणूस गेलं की त्या दिवशी तिथे चूल पेटत नाही. घाटावरून मंडळी परतली की शेजारचे पिठलं-भाकरी घेऊन जातात, समोर बसतात आणि घरच्यांना बळंच पहिला घास भरवतात. आणणारा स्वतःही त्यातलाच एक घास खातो. हा कडू घास. बोळात कोणी गेल्याचं कानावर आलं की काकू निरोपाची वाट न पाहता बेसन काढायच्या. पातेलं मात्र न्यायचे काका. वर कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा बांधायचा, तो दरवेळी नवा. जात-पात, ओळखदेख काही नाही. मागच्या मोहल्ल्यातल्या विणकरांकडेही ते पातेलं जायचं.

समोरच्या घराशी त्यांचं नालीवरून भांडण होतं. समोरच्या बाईंनी ओटा पुढे घेतला आणि नालीचं पाणी आमच्या दारात तुंबायला लागलं, असं काकांचं म्हणणं. बाईंचं म्हणणं, काकांचीच पायरी पुढे आली आहे. वर्षानुवर्षं बोलणं बंद. बोलायचं असलं की दोघंही नालीकडे बघून मोठ्याने बोलत. बाईंचे सासरे वारले त्या दिवशी काका पातेलं घेऊन समोर गेले, त्यांच्या ओसरीत मांडी घालून बसले, बाईंच्या नवऱ्याला घास भरवला, बाईंना भरवायला काकूंना बोलावून घेतलं, स्वतः एक घास खाल्ला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नालीकडे बघून, "काही लोकाइले लाज नाही," हे सुरू. मला हे फारच मजेशीर वाटलं होतं.

म्हणून ते माझ्यावर चिडायचे. "तुझ्या जगात राक्षस आहेत, बंदुका आहेत, सगळं आहे. शेजार नाही. असं जग असते का कुठं? कोण आहे तो गोष्ट लिहिणारा? त्याच्या घरी कधी कोणी मेलं नाही वाटते."

पहिल्या लॉकडाउनमध्ये तर त्यांना चेवच चढला. महाराष्ट्रातून निघालेली माणसं डोक्यावर बोचकी घेऊन इच्छापूरच्या रस्त्याने रात्रंदिवस चालत येत होती, आणि आमचा आख्खा बोळ तिकडे लोटला होता. कोणी केळीचे घड नेले, कोणी पाण्याचे ड्रम. समोरच्या बाई उन्हात पुऱ्या तळत होत्या. काकांनी दुकानातून सुती कापड नेलं आणि पायांना गुंडाळायला पट्ट्या फाडून दिल्या. घरी आल्यावर त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

"आता बोल. जग बंद पडलं का नाही? कोणी कोणाले खाल्लं?"

खरं म्हणजे त्या दिवशी मला हरल्याचा आनंद झाला होता. पुढच्या अंकात मी हिरोला धड शर्ट घातला, तर संपादकाने तो फाडून पाठवायला सांगितलं.

मग दुसरी लाट आली. काकूंना ताप आला, दवाखान्यात नेलं आणि त्या परत आल्या नाहीत. सगळं इतक्या घाईने झालं की निवडायला घेतलेले तांदूळ सुपात तसेच राहिले. घाटावर फक्त काका आणि पुतण्या गेले. इकडे ते गेलेले असताना समोरच्या बाईंच्या नवऱ्याने आणि आणखी दोघा-तिघांनी बांबूची एक बल्ली आणून आमच्या दाराला आडवी बांधली. कोणी सरकारी माणूस आला नव्हता, कोणाचा हुकूम नव्हता. मी वरून ओरडले. खालून उत्तर आलं, "मॅडम, तुम्हीपण वरच राहा." सुतळीला त्यांनी दोन-दोन गाठी मारल्या. हे तेच हात, ज्यांनी अनोळखी माणसांना उन्हात पाणी पाजलं होतं. तिथे परक्यांसाठी सगळा गाव रस्त्यावर आणि इथे, ज्या माणसाने तुमच्या प्रत्येकाच्या तोंडात घास घातला, त्याच्या दाराला बल्ली!

पुतण्याने काकांना बोळाच्या तोंडाशी सोडलं. त्याच्या घरी लहान मुलं होती, त्याचं मी समजू शकते. काका ओल्या धोतराने चालत आले, बल्लीपाशी थांबले, बोटाने तिला एकदा चाचपलं आणि कमरेत वाकून तिच्याखालून स्वतःच्या घरात शिरले. सगळ्या खिडक्यांचे पडदे हलत होते. तो वाकलेला म्हातारा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही आणि जाऊही नये.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते त्याहून वाईट. त्यांनी ओसरीत ताटं मांडली. एक स्वतःचं आणि बाकीची येणाऱ्यांसाठी, कारण आणणाराही घास खातो. दार उघडं ठेवलं आणि पाटावर बसून राहिले. मी जिन्यात उभी. ऊन ओसरीतून उतरलं, समोरच्या भिंतीवर गेलं, तिथूनही गेलं. कोणीही आलं नाही. मागच्या मोहल्ल्यातले यंत्रमागही बंद होते, त्यामुळे बोळात भांडं वाजलं तरी ऐकू येत होतं, आणि प्रत्येक भांड्याच्या आवाजाला काका दाराकडे बघत होते.

शेवटी मी वर गेले आणि पिठलं केलं. त्याआधी कधी केलं नव्हतं. गुठळ्या झाल्या, खाली लागलं, घालमेलीत मीठ दोनदा पडलं. भाकरी येतच नव्हती, शिळी पोळी होती ती घेतली. काकांनी माझ्या हातून घास घेतला, मग मला भरवला, आणि ताटातलं सगळं संपवलं. नंतर बाकीची कोरी ताटं उचलून, पुसून, फळीवर पालथी घातली. मला वाटलं आता तरी हा माणूस समोरच्या दाराकडे बघून एखादी शिवी हासडेल. ते म्हणाले, "पाणी दे. खारट झालं."

चौदा दिवसांची भीती सरल्यावर बल्ली सुटली, आणि काकांनी नालीचं भांडण पुन्हा सुरू केलं. फक्त नालीचं. तोच ओटा, तीच पायरी, नालीकडे बघून तेच ओरडणं. बल्लीबद्दल ब्रसुद्धा नाही. माझा नुसता संताप व्हायचा. त्या बाईला पाण्यावरून बोलता आणि बल्लीवरून बोलत नाही?

म्हणून मग मी बोलायचं ठरवलं. संपादकाची गोष्ट बाजूला ठेवून पहिल्यांदाच एक आख्खा अंक मी स्वतः लिहिला. आमचा बोळ, जसाच्या तसा. समोरचं निळं दार, बाईंचं बाकदार नाक आणि त्यातली चमकी, नवऱ्याच्या हातातली सुतळी. ताटं मांडून बसलेला म्हातारा. कोणी येत नाही. म्हातारा उपाशी मरतो आणि मग सगळे शेजारी बल्ली ओलांडून आत येतात, त्याच्या घरातलं सामान न्यायला आणि माझ्या कॉमिक्समधली माणसं नेहमी नेतात ते मांसही न्यायला. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही. फोनवर नुसती गोष्ट ऐकूनच संपादक ओरडला, "मॅडम, ये तो अब तक का सबसे खतरनाक है!"

पानं पाठवण्याआधी मी ती खाली घेऊन गेले. काकांच्या वतीने मी सूड घेतला होता, त्यांना बरं वाटेल अशी माझी समजूत. त्यांनी भिंग घेऊन सावकाश वाचलं. कपड्यांबद्दल काही बोलले नाहीत, तेव्हाच मला समजायला हवं होतं. शेवटचं पान झाल्यावर ते परत ताटांच्या पानावर आले.

"हा म्हातारा उपाशी मेला?"

"हो."

"मी तर जेवलो होतो."

काकांनी भिंग खाली ठेवलं. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं खूपदा पाहिलं होतं, पण हे वेगळं होतं.

"तू आणलं होतं ना? करपलं होतं, खारट होतं, पण आलं होतं. मग इथं काहून नाही? उद्या हे छापून येईल. पोरं वाचतील. माझ्या घरातून बाई गेली अन् तिचा कडू घास झाला नाही, असं कायमचं लिहून ठेवतेस तू. ती तशीच गेली का? सांग, तशीच गेली?"

"अन् त्यांनी बल्ली बांधली ते?" मीही आवाज चढवला. "ते खोटं आहे का? तुम्ही त्यांना पाठीशी घालता!"

"कोण घालते पाठीशी? बल्ली दाखव. सुतळी दाखव. त्या बाईचं नाकही दाखव, बराबर आलं आहे. काही लपवू नको. पण मग पिठलंही दाखव. अर्धी बातमी छापू नको मले."

मी पानं उचलली आणि पाय आपटत वर गेले. तिसऱ्या दिवशी बसून एक चौकट काढली. जिन्यातून एक मुलगी उतरते आहे, तिच्या हातात पातेलं, पातेल्यातून धूर. म्हातारा मरत नाही. मग शेवटची पानंही बदलावी लागली. संपादकाने ते पाहिलं आणि म्हणाला, "ये क्या है? बेसन? मॅडम, पढ़नेवाले को डर चाहिए, खाना नहीं." माझं डोकं फिरलं. लहान मुलाला भाजलेलं यांना चालतं, जिवंत माणसाची कातडी चालते, आणि एका म्हाताऱ्याला पिठलं वाढलेलं चालत नाही! मी सांगितलं, पिठलं जाणार असेल तर अंकही परत पाठवा. त्याने परत पाठवला आणि मालिका दुसऱ्या कोणाला तरी दिली. अजून चालू आहे म्हणे. लोक अजून चिंध्याच लावून फिरतात.

मागच्या थंडीत काका गेले, झोपेतच. या वेळी सगळा बोळ आला. खांदा द्यायला समोरच्या बाईंचा नवरा सगळ्यांत पुढे. मी तोंड फिरवलं. घाटावरचं उरकल्यावर पुतण्या त्याच्या घरी गेला, नात्यातली माणसं पिठलं-भाकरी घेऊन तिकडेच गेली, ते रीतीप्रमाणे बरोबरच होतं. मी भाडेकरू. मी रिकाम्या ओसरीत काकांच्या पाटाशेजारी बसले होते. तेवढ्यात पदराखाली काहीतरी धरून समोरच्या बाई नाली ओलांडून आल्या.

"मॅडम, जेवा."

किती दिवस मी या क्षणासाठी वाक्यं जुळवून ठेवली होती. प्रत्यक्षात एकच बाहेर पडलं. "तेव्हा कुठे होता?"

त्या दारातच उभ्या राहिल्या. "भ्यालो होतो," त्या म्हणाल्या.

"एवढंच?"

"एवढंच. दुसरं काय सांगू?"

मला ते पुरेसं वाटलं नाही. आजही वाटत नाही. भीती सगळ्यांनाच होती, मलाही होती. त्यांनी पातेल्यावरचा कपडा सोडला, मांजरपाटाचा, कोरा. तो बघून मात्र माझं सगळं अवसान गेलं आणि मी रडायला लागले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि माझ्या तोंडाशी धरला.

"राग राहू द्या," त्या म्हणाल्या. "घास घ्या."

मी घेतला. मग त्यांनी त्याच पातेल्यातला एक घास खाल्ला. पिठलं अप्रतिम झालं होतं, आणि याचाही मला राग आला.

ती पानं अजून माझ्याकडे आहेत. कोणी छापणार नाही, तरी मी शेवटी आणखी एक पान जोडलं आहे. त्यात एक बाकदार नाकाची बाई पातेलं घेऊन नाली ओलांडते आहे. तिच्या अंगावर ठाणातून नुकतीच फाडलेली कोरी साडी आहे. आधीच्या पानावरची बल्ली मात्र जिथे होती तिथेच आहे, दोन-दोन गाठींसकट. ती खोडायला मला काकांनीही सांगितलं नव्हतं.